मधुमेहातली लाज आणि शरीराबद्दलची खंत: ऑनलाइन वर्ग कसा घ्यावा, कोणत्या क्रमाने

मधुमेहाबद्दलची लाज कमी व्हावी म्हणून घेतलेल्या ऑनलाइन वर्गातून माणसं कधीकधी आधीपेक्षा जास्त लाज घेऊन उठतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं, क्रम चुकलेला असतो. पहिल्या स्लाइडवर बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजन किती, त्या आकड्याचा) तक्ता, दुसरीवर ‘काय खाऊ नये’ची यादी, आणि शेवटच्या दहा मिनिटांत ‘लाजू नका, मोकळेपणाने बोला’. तोवर अर्ध्या मुलींनी कॅमेरा बंद केलेला असतो.

हा लेख दवाखान्यातले मधुमेह शिक्षक, आहारतज्ज्ञ, समुपदेशक आणि स्वमदत गट चालवणारे पालक यांच्यासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः टाइप १ (शरीरात इन्सुलिन तयार होणं थांबतं आणि ते रोज बाहेरून घ्यावं लागतं, तो प्रकार) असलेल्या तरुण मुलामुलींची आहेत, कारण सुई, इन्सुलिनचं पेन आणि दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर यांमुळे त्यांचा आजार चारचौघांत दिसतो. क्रम असा ठेवा: आधी सुरक्षितता, मग दोषाचं ओझं उतरवणं, मग बोलण्याचा सराव, आणि त्यानंतर शरीर. आहाराचा तक्ता या वर्गात आणूच नका, त्यासाठी वेगळा वर्ग घ्या.

टप्पा १: वर्ग कोणासाठी, ते आधी ठरवा

टाइप १ आणि टाइप २ (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, तो प्रकार) यांना एकाच गटात बसवू नका. टाइप १ असलेल्या मुलाला आपण सांगतो, ‘तुझ्या खाण्यामुळे हे झालेलं नाही.’ वाक्य बरोबर आहे. पण त्याच गटातल्या टाइप २ असलेल्या बाईंना त्यातून ऐकू येतं, ‘म्हणजे माझ्या खाण्यामुळे झालं.’ एकाची लाज उतरवताना ती दुसऱ्याच्या माथी जाते. हे टाळण्याचा उपाय म्हणजे दोन गट. टाइप २ मागेही आनुवंशिकता, वय, झोप, ताण, काही औषधं, कामाचं स्वरूप अशी अनेक कारणं असतात आणि ती त्या गटात सावकाश मांडता येतात.

गट ८ ते १० जणांचा ठेवा. १३ ते १७ आणि १८ ते ३० हे वयोगट वेगळे. शरीराबद्दलचं सत्र मुलींसाठी आणि मुलांसाठी वेगळं घ्या. मुलांना या विषयाची गरज नसते हा गैरसमज आहे. ‘हाडकुळा’ म्हणून चिडवलं जाणं, जिममध्ये शर्ट काढायची लाज वाटणं, डबाबंद पावडरींचा नाद, हे सगळं त्यांच्याकडे असतं, फक्त ते आपणहून बोलत नाहीत.

पालकांचं सत्र स्वतंत्रच हवं. आई शेजारी बसली की प्रश्न मुलीला आणि उत्तर आईचं, असं होतं.

टप्पा २: प्रत्येकाशी आधी एकेकट्याने बोला

ही पायरी वेळ वाचवायला सर्रास गाळली जाते आणि पुढच्या निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात. प्रत्येकाला १५-२० मिनिटांचा फोन करा. पाच गोष्टी विचारा.

१. मोबाइल कोणाचा आहे? आपण बोलताना घरात कोण ऐकतं? एका खोलीच्या घरात मुलगी ‘हो’, ‘नाही’ यापलीकडे बोलू शकत नाही. तिला चॅटमध्ये लिहिण्याची मुभा आहे हे आत्ताच सांगा. हेडफोन आहे का, तेही विचारा.

२. तुम्हाला मधुमेह आहे हे कोणाकोणाला माहीत आहे? सासरी सांगितलेलं नसेल आणि मोबाइलच्या पडद्यावर ‘उद्या मधुमेह वर्ग, सायं. ७’ असा संदेश उमटला, तर तुमच्याच हातून तिचं गुपित फुटतं. गटाचं नाव ‘बुधवारचा वर्ग’ एवढंच ठेवा.

३. बाहेर असताना इन्सुलिन कुठे घेता? ‘बाथरूममध्ये’ किंवा ‘घरी येईपर्यंत थांबते’ हे उत्तर फार ऐकू येतं. ते लिहून ठेवा, दुसऱ्या सत्रात उपयोगी पडेल.

४. उपचार करणारे डॉक्टर कोण, आणि अडचण आल्यास कोणाला फोन करायचा?

५. ‘वजन वाढू नये म्हणून किंवा कोणाला दिसू नये म्हणून इन्सुलिन कमी घेतलं, टाळलं, असं बऱ्याच जणांचं होतं. तुमचं झालंय का?’ प्रश्न याच सुरात विचारा. ‘तू डोस चुकवत नाहीस ना?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं.

पाचव्या प्रश्नावर थोडं थांबायला हवं. इन्सुलिन कमी पडलं की साखर लघवीतून निघून जाते, शरीर चरबी आणि स्नायू जाळू लागतं आणि वजन झपाट्याने उतरतं. हे काही मुलींच्या लक्षात येतं आणि त्या डोस कमी करतात. बाहेरून लोक ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ म्हणतात, आणि आत रक्तात आम्लं साठत जातात. शंका येण्याजोग्या खुणा अशा: एचबीएवनसी (गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) सतत चढा आणि वजन मात्र उतरतं, पुन्हा पुन्हा रुग्णालयात भरती, मीटर किंवा डायरी दाखवायला टाळाटाळ, सगळ्यांसोबत जेवणं टाळणं, वजनाचा विषय निघाला की चिडणं.

यासाठी ‘डेप्स-आर’ ही १६ प्रश्नांची चाचणी आहे. त्यात २० किंवा अधिक गुण आले तर सविस्तर तपासणीची गरज समजली जाते. पण ती घरच्या घरी मराठीत भाषांतर करून वापरू नका, आणि मानसोपचार करणारं कोणी सोबत नसेल तर गुण काढत बसू नका. पाचव्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, एवढंच पुढच्या पावलासाठी पुरेसं आहे.

इशारा: इन्सुलिन टाळत असलेल्या व्यक्तीला थेट गटात घेऊ नका. आधी तिच्या संमतीने तिचे डॉक्टर आणि समुपदेशक यांच्याशी जोडून द्या. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरात श्वास, तोंडाला फळासारखा वास, गुंगी यांपैकी काही असेल तर वर्गाचा विचार सोडा आणि ताबडतोब रुग्णालयात पाठवा. मन फार खचलेलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या, तिथे मराठीत बोलता येतं.

१८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. मुलाचा स्वतःचा होकारही वेगळा विचारा.

टप्पा ३: तांत्रिक मांडणी

व्हॉट्सॲपचा साधा गट काढला की प्रत्येकाचा नंबर आणि फोटो सगळ्यांना दिसतो. लाजेवरच्या वर्गाची सुरुवात अशी करू नका. ब्रॉडकास्ट यादी वापरा. ज्यांनी तुमचा नंबर साठवला आहे त्यांनाच संदेश पोचतो, म्हणून पहिल्या फोनवरच तो साठवायला सांगा.

झूमच्या मोफत खात्यावर गटाची बैठक ४० मिनिटांत तुटते, गूगल मीटवर ६० मिनिटांत. मुलगी बोलायला लागली आणि बैठक तुटली, तर ती दुसऱ्यांदा बोलत नाही. मीट घ्या, किंवा सत्रच ३५ मिनिटांचं आखा.

सुरू करण्यापूर्वी हे पाहा:
- प्रतीक्षा कक्ष चालू, रेकॉर्डिंग बंद, आणि ‘पडद्याचा फोटो काढायचा नाही’ हे तोंडी सांगितलेलं.
- नाव बदलता येतं. पहिलं नाव किंवा टोपणनाव पुरे.
- झूमवर चॅट फक्त संयोजकाला दिसेल अशी सोय करून ठेवलेली.
- कॅमेरा ऐच्छिक. ‘सगळ्यांनी कॅमेरे ऑन करा’ हे वाक्य या वर्गात म्हणायचं नाही.
- स्वतःची चौकट लपवायला शिकवलेलं. आपलाच चेहरा सतत समोर दिसत राहिला की लक्ष आपण कसे दिसतोय याकडेच जातं. शरीराबद्दल खंत असणाऱ्यांना याचा त्रास जास्त होतो. ही सोय झूम आणि मीट दोन्हींवर आहे, पण फार थोड्यांना माहीत असते.
- वेळ जेवणाची आणि इन्सुलिनची नाही. प्रत्येकाच्या हाताशी मीटर आणि ग्लुकोज किंवा साखर आहे.

तपासणी: तुम्ही दुसऱ्या मोबाइलवरून सहभागी म्हणून आत येऊन पाहा. इतरांना काय काय दिसतं ते तिथेच कळेल.

टप्पा ४: स्लाइडमधले शब्द तपासा

सगळ्या स्लाइड एकदा मोठ्याने वाचा. ‘डायबेटिक मुलगी’, ‘पथ्य मोडलं’, ‘चोरून गोड खाल्लं’, ‘शुगर खराब आली’, ‘कंट्रोल नाही’ हे शब्द सापडतील. त्या जागी ‘मधुमेह असलेली मुलगी’, ‘आज ठरल्याप्रमाणे खाणं झालं नाही’, ‘साखर २६० आली’ असं लिहा. आकडा नुसता आकडा म्हणून सांगा, त्याला चांगलं-वाईट जोडू नका.

‘नीट वागला नाहीत तर शेवटी इन्सुलिनच घ्यावं लागेल’ हे वाक्य टाइप २ च्या गटात तर कटाक्षाने काढा. ते ऐकलेला माणूस पुढे गरज पडली तरी इन्सुलिन घ्यायला वर्षानुवर्षं नकार देतो.

चित्रंही पाहा. शिर नसलेलं, फक्त पोट दाखवणारं चित्र काढून टाका. आधी-नंतरचे फोटो काढून टाका.

टप्पा ५: सत्रं, याच क्रमाने

आठवड्याला एक, अशी पाच सत्रं.

*पहिलं सत्र: हे कशामुळे झालं?*

टाइप १ मध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. चॉकलेट खाल्ल्याने ते होत नाही, आणि आईने गरोदरपणात गोड खाल्ल्यानेही नाही. हे शांतपणे, आकृती काढून, दोनदा सांगा. मग विचारा, ‘तुम्हाला आजवर काय काय कारणं सांगण्यात आली?’ उत्तरं चॅटमध्ये मागवा आणि नावं न घेता वाचा. करणी, नजर, मागच्या जन्मीचं, आईचे डोहाळे, सगळं येतं. एकेकाला दोन वाक्यांत उत्तर द्या.

इथेच एक आकडा सांगा. २०२४ साली ‘द लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रिनॉलॉजी’मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रात म्हटलं आहे की मधुमेह असलेल्या दर पाच प्रौढांपैकी चौघांना या कलंकाचा अनुभव येतो आणि एकाला भेदभावाचा. ‘मलाच असं वाटतं’ हा समज त्याने सैल होतो.

*दुसरं सत्र: कोणाला सांगायचं, कसं सांगायचं*

दोन याद्या करायला लावा. पहिलीत, सुरक्षिततेसाठी ज्यांना माहीत असलंच पाहिजे असे लोक: बाकावरची मैत्रीण, वर्गशिक्षक, होस्टेलची रूममेट, कामावरचा एक सहकारी. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, पण बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, एवढं त्यांना ठाऊक हवं. दुसऱ्या यादीत, ज्यांना सांगणं आपल्या मर्जीवर आहे असे लोक. दुसरी यादी मोठी असली तरी चालते. ‘सगळ्यांना अभिमानाने सांगा’ असा आग्रह धरू नका.

मग प्रत्यक्ष बोलण्याचा सराव. हळदीकुंकवाला काकू म्हणतात, ‘एवढंसं तिळगूळ, काय होतंय?’ आणि लगेच दुसऱ्या म्हणतात, ‘अगं तिला नको देऊ, तिला शुगर आहे!’ दोन्हींना उत्तर हवं. ‘घेते काकू, किती घ्यायचं ते माझं मी बघते’ हे एक. ‘आत्ता नको, डब्यात द्या, घरी नेते’ हे दुसरं. जोड्या करून मोठ्याने म्हणायला लावा. नुसतं वाचून आयत्या वेळी शब्द सुटत नाहीत.

शाळेचा प्रश्न आला तर: सीबीएसईने २०१७ मध्ये मधुमेह असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाण्याच्या वस्तू आणि पाणी सोबत ठेवायला परवानगी दिली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना पत्र लिहून टाइप १ असलेल्या मुलांना वर्गात साखर तपासायला, इन्सुलिन घ्यायला, मधलं खाणं खायला मुभा द्यावी असं सांगितलं. मुख्याध्यापकांशी बोलताना हे संदर्भ कामी येतात.

*तिसरं सत्र: शरीर*

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आतला क्रम असा: आधी शरीर काय काय करतं, मग खुणा, मग वजन. उलटं केलंत तर वजनापाशीच सत्र अडकतं.

सुरुवातीला प्रत्येकाने या आठवड्यात शरीराने केलेलं एक काम लिहायचं. सायकल चालवली, गरबा खेळले, भावाला उचललं. आरशासमोर उभं राहण्याचे व्यायाम ऑनलाइन करू नका. दुखरं काही वर आलं तर सावरायला तिथे कोणी नसतं.

खुणांबद्दल ठोस माहिती द्या. एकाच जागी वारंवार सुई टोचल्याने त्वचेखाली चरबीच्या गाठी होतात. त्या दिसतातही, आणि त्यांत टोचलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. दर वेळी किमान एक बोट अंतर सोडून टोचा, पोट आणि मांड्या आलटूनपालटून वापरा, सुई पुन्हा पुन्हा वापरू नका. खर्चामुळे सुई पुन्हा वापरावी लागते हे अनेक घरांतलं वास्तव आहे. तिथे रागावू नका, सुया स्वस्तात कुठे मिळतील ते शोधून द्या.

इशारा: गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागल्यावर तेवढाच डोस जास्त लागू पडतो आणि साखर एकदम उतरू शकते. जागा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारायला सांगा.

टाइप २ किंवा पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा बिघाड) असलेल्या मुलींच्या गटात मानेचा विषय काढाच. मानेवर, काखेत येणारा काळसर, मखमली थर म्हणजे मळ नव्हे. इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची ती खूण असते. घरोघरी मुलींना ‘मान नीट घासून धू’ म्हणतात, आणि त्या काथ्याने त्वचा सोलवटून घेतात. घासल्याने तो जात नाही, त्वचा आणखी काळवंडते. मूळ कारणावर उपचार झाले की हळूहळू फिका पडतो. एवढ्या माहितीने कित्येक मुलींच्या अंगावरचं वर्षांचं ओझं उतरतं.

आता वजन. निदानाआधी उतरलेलं वजन इन्सुलिन सुरू झाल्यावर परत येतं, कारण लघवीतून वाया जाणारी साखर आता शरीराला मिळते. हे आधीच सांगितलं नाही तर मुलगी ‘इन्सुलिनने जाड केलं’ असा निष्कर्ष काढते आणि तिथून डोस टाळण्याचा रस्ता सुरू होतो.

‘जाड तेवढे आजारी, बारीक तेवढे निरोगी’ हा समज मोडायला पुण्याचं उदाहरण वापरा. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. नुसतं बघून कोणाच्या आत काय चाललंय ते कळत नाही, हे यातून लगेच पटतं.

तपासणी: सत्रात कोणाचं वजन विचारलं गेलं नाही ना? कोणी कोणाच्या बारीक होण्याचं कौतुक केलं का? केलं असेल तर सौम्यपणे विषय बदला आणि जिचं कौतुक झालं तिला दुसऱ्या दिवशी फोन करा.

*चौथं सत्र: घरचे*

पालकांना तीनच कामं द्या. पाहुण्यांसमोर ‘किती आली?’ विचारायचं नाही. घरी आल्यावरचा पहिला प्रश्न साखरेबद्दल नसावा. आणि तिचं ताट सगळ्यांपासून वेगळं काढायचं नाही. मोदक खायचा असेल तर डोसचा हिशोब डॉक्टरांकडून शिकून घ्यायचा. ‘कोणाच्या घराण्यातून आलं’ हा वाद याच सत्रात निघतो. पहिल्या सत्रातली आकृती पुन्हा काढा.

*पाचवं सत्र: लग्न*

हे सत्र फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी. १३ ते १७ च्या गटात याऐवजी सहल आणि होस्टेल घ्या. स्थळाला सांगायचं का, केव्हा सांगायचं, यावर माझं मत स्पष्ट आहे: लग्न ठरण्याआधी सांगावं, आणि शक्यतो तिने किंवा त्याने स्वतः सांगावं. लपवून झालेल्या लग्नात पहिल्या आठवड्यापासून इन्सुलिन लपवावं लागतं आणि डोस चुकू लागतात. पण निर्णय तिचा आहे, तुम्ही घरच्यांना परस्पर सांगायचं नाही. समोरच्या कुटुंबाला डॉक्टरांकडे एकत्र नेण्याचा मार्ग सुचवा. टाइप १ असलेल्या स्त्रीला मूल होऊ शकतं, त्यासाठी आधीपासून साखर आटोक्यात आणून नियोजन करावं लागतं, आणि बहुतेक मुलांना हा आजार होत नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की फरक पडतो.

टप्पा ६: सत्र चालू असताना अडलं तर

कोणी रडलं तर गप्प करू नका, ‘थांबलं तरी चालेल, बोललं तरी चालेल’ म्हणा. सहसंयोजकाने तिला स्वतंत्र फोन करावा, म्हणून सत्राला दोघं हवेतच. कोणी ‘मी डोस सोडते’ असं गटात सांगितलं, तर किती आणि कसा सोडते याचा तपशील गटात येऊ देऊ नका, इतरांना ती युक्ती वाटू शकते. आभार माना, सत्रानंतर लगेच तिच्याशी बोला. कोणी ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी लिंक टाकली तर ती काढा आणि एका वाक्यात सांगा: टाइप १ मध्ये इन्सुलिन बंद केल्यास जीव जाऊ शकतो.

टप्पा ७: फरक कसा मोजायचा

एचबीएवनसीवर वर्गाचं यश मोजू नका. लाज कमी झालेली मुलगी खरे आकडे लिहू लागते, त्यामुळे सुरुवातीला तिच्या डायरीतले आकडे वाढलेलेही दिसतात.

ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या डीएसएएस-१ आणि डीएसएएस-२ या टाइप १ आणि टाइप २ साठीच्या कलंकमापन प्रश्नावल्या आहेत, प्रत्येकी १९ प्रश्नांच्या. योग्य भाषांतर आणि परवानगी असेल तर वर्गाआधी आणि तीन महिन्यांनी वापरा. नसेल तर चार साधे प्रश्न पुरतात. गेल्या आठवड्यात घराबाहेर वेळेवर इन्सुलिन घेतलं का? नव्याने कोणाला सांगितलं का? टोचायच्या जागा बोटांनी चाचपून पाहिल्या का? दिसण्यासाठी डोस टाळला का? टप्पा २ मधली तुमची टिपणं शेजारी ठेवून उत्तरं पाहा. ‘बाथरूममध्ये’चं ‘ऑफिसच्या टेबलाशी’ झालं असेल तर ते लिहून ठेवण्याजोगं आहे.

यशोगाथा म्हणून कोणाचा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका, तिने हो म्हटलं तरी तीन महिने थांबा आणि पुन्हा विचारा. शेवटच्या सत्रानंतर ब्रॉडकास्ट यादी आणि चॅटच्या प्रती पुसून टाका, आणि पुसल्या आहेत हे सगळ्यांना कळवा.